पहिल्या पावाचं टोक

वस्तादांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावलेला नसायचा. वहिनी म्हणायच्या, "यांना उठवावं लागत नाही, झोपवावं लागतं." उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, बूट चढवायचे आणि निघायचं. मी दुकानात पोचेपर्यंत त्यांची भट्टी पेटलेली असायची आणि धूर धुराड्यातून सरळ वर जात असायचा. धूर घुटमळला तर लाकूड ओलं. त्या दिवशी लाकूडवाल्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार व्हायचा.

माझं काम पिठाचं. मागच्या गल्लीतून पोती आत आणायची, पीठ चाळायचं, मळायचं. मळायला यंत्र होतं, पण लांब पावाचं पीठ वस्ताद यंत्रात घालू द्यायचे नाहीत. "यंत्र थकत नाही," म्हणायचे, "म्हणून त्याला थांबायचं कळत नाही." मला ते पटायचं. अंगमेहनतीतही अंगाचं ऐकावं लागतं. पोतं पाठीनं उचललं तर माणूस लवकर वाकतो, मांड्यांनी उचललं तर म्हातारपणी ताठ चालतो. मी ताठ चालतो. माझ्याबद्दल एवढं पुरे, हे सगळं वस्तादांबद्दल आहे.

दुकान फ्रेंच पद्धतीचं. मालकीणबाई तरुणपणी फ्रान्सला जाऊन एका बेकरीत काम शिकल्या होत्या, फरशी पुसण्यापासून. त्यांच्या मनगटांवर भट्टीच्या चटक्यांचे डाग होते. ज्याच्या हातावर कामाचे डाग आहेत त्याचं मी ऐकून घेतो. पुढच्या बाजूला काचेची कपाटं होती. त्यांत चाकांएवढी चीजं, ऑलिव्हच्या बरण्या, मोहरीच्या चटणीचे बुटके डबे, लोण्यात माखलेले पदरदार क्रोसाँ. सगळं असं मांडलेलं की गिऱ्हाइकानं आवाज हळू करावा. मागच्या बाजूला आम्ही. भट्टी, ओटा, मळायचं टेबल, भिंतीला टेकवलेली पोती. जागा एवढीशी की वस्तादांनी लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीतून मागे ओढलं की मी पोट आत घ्यायचो.

वस्तादांनी त्याआधीचं सगळं आयुष्य मऊ, चौकोनी पाव भाजण्यात घालवलं होतं. बाईंनी पहिल्या दिवशी लांब पाव दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हा खायचा की दाराला अडसर लावायचा?" बाईंनी पाव मधोमध मोडला. काटक्या मोडाव्यात तसा आवाज झाला, आतला गाभा मात्र ओलसर आणि मऊ. वस्तादांनी तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत उभे राहिले.

"याला मेहनत करून खावं लागतं," शेवटी म्हणाले. "चांगलं आहे."

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. प्रत्येक घाण्यातला पहिला पाव आधी एकटाच बाहेर काढायचा. त्याचं टोक मोडायचं, फुंकर मारायची आणि स्वतः चावून बघायचं. घास मनासारखा लागला तर बाकीचे पाव बाहेर. नाही लागला तर झाकण परत बंद. भट्टीला काटा नव्हता, घंटी नव्हती. जे काय होतं ते वस्तादांचा जबडा. दुसऱ्या कुणी टोकाला हात लावलेला त्यांना चालायचं नाही. मी एकदा गमतीनं उचललं तर म्हणाले, "ठेव खाली. ते खाणं नाही, काम आहे."

अशी पुष्कळ वर्षं गेली. गिऱ्हाइकं शटर उघडायच्या आधी दारात उभी राहायची. त्यांत पहिले नेहमी मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

एका सकाळी हेच मास्तर घरी नेलेला पाव परत घेऊन आले. त्यांनी तो एका टोकाला धरून आडवा केला. दुसरं टोक हळूहळू खाली गेलं.

"बाई, हा पूर्वी ताठ मानेचा होता. आता वाकतोय. कुणाची चाकरी धरली यानं?"

मास्तरांनी तोंड उघडल्यावर इतरांनाही धीर आला. कुणी म्हणालं कवच ओलं लागतं, कुणी म्हणालं पाव चघळावा लागतो. बाईंनी एकेक करून सगळ्यांवर संशय घेतला. आधी पिठावर. पीठ बदललं. नव्या पोत्यांना धरायला कान नव्हते, माझी बोटं सोलून निघाली, पाव तसाच. मग हवेवर. मग भट्टीच्या विटांवर. आम्ही दोघांनी भट्टी थंड करून आत वाकून एकेक वीट खरवडली, काजळीनं ओळखू येईनासे झालो. पाव तसाच. मग माझ्यावर. "तू पाणी जास्त घालतोस," बाई म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर मोजून घातलं. पाव तसाच.

वस्तादांवर कुणीच संशय घेतला नाही, त्यांच्या हातून पाव कच्चा निघेल हे बाईंच्याही मनात आलं नाही. ते स्वतः तर नाहीच नाही. "माझा घास चुकत नाही," म्हणायचे, आणि ते खरं मानून चालायचे.

पुढे उघडकीला आलं ते इथेच सांगून टाकतो. वस्तादांच्या दाढा गेल्या होत्या. एकदम नाही. आज एक, सहा महिन्यांनी दुसरी. पुढचे चार दात जागेवर होते, त्यामुळे हसताना काही कळायचं नाही. दाढ पडली की ते ती कागदात गुंडाळून फेकायचे आणि वहिनींना सांगायचे, "जरा दुखतंय, भात मऊ कर." दर दाढेमागे पहिल्या पावाचं टोक त्यांना जास्त कडक लागायचं. जास्त कडक म्हणजे जास्त भाजलं गेलं. मग दुसऱ्या दिवशी पाव जरा आधी बाहेर. असं करत करत सगळ्या दुकानाचा पाव त्यांच्या हिरड्यांच्या मापाचा झाला. यात लबाडी नव्हती. त्यांना खरोखरच वाटायचं की पाव पहिल्यासारखाच आहे.

मग विजेच्या भट्टीवाला आला. गळ्यात टाय, हातात चकचकीत पुस्तक. त्याची भट्टी आपली आपण तापायची आणि वेळ झाली की घंटी वाजवायची. त्यानं टेप काढून आमची मागची खोली मोजली. मोजताना दोनदा माझ्या पायावर पाय दिला.

तो गेल्यावर बाई आत आल्या. आडवळणानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वस्ताद, ही भट्टी पाडायची मला हौस नाही. पण लोक पाव परत आणून ठेवतायत. येत्या रविवारी रोजच्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. नवी सँडविचं चाखायला ठेवणार, पावही ठेवणार. पाव त्यांनी चांगला म्हटला तर भट्टी राहील. नाही म्हटला तर सोमवारी या माणसाला होकार."

"आणि मी?"

"तुम्ही पुढे काउंटरवर. पाव कापायचे, बांधून द्यायचे. पगार तोच."

वस्ताद मान खाली घालून भट्टीतले निखारे सारखे करत राहिले. भट्टी जाणार याच्यापेक्षा "पगार तोच" हे त्यांना जास्त लागलं होतं. अर्ध्या मेहनतीला पूर्ण पगार घेणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. बाई गेल्यावर मला म्हणाले, "पुड्या बांधायला लावणार मला. सुतळीचा वस्ताद."

रविवारी चाखायला चार वाजता बोलावलं होतं. घरच्यांनाही आमंत्रण होतं. पहिला घाणा दुपारी निघाला, वस्तादांनी टोक चावलं, मान डोलावली आणि पाव पुढे गेले. दुसरा घाणा आत होता तेव्हा मागच्या दारातून वहिनी आल्या, हातात इस्त्रीचा शर्ट.

"अहो, हा घाला."

"अगं, पाव आत आहेत."

"पाव पळून जात नाहीत. तुम्ही जाल. हात वर करा."

वस्तादांनी हात वर केले. शर्ट अंगात गेला आणि गळ्याचं बटण वहिनींच्या हातात आलं. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला आणि शर्ट अंगावर असतानाच बटण शिवायला घेतलं.

"राहू दे ते बटण. माझा घाणा..."

"हलू नका, सुई गळ्याशी आहे. बोलूही नका."

नवऱ्याला गप्प करायची अशी संधी वहिनींना बऱ्याच वर्षांनी मिळाली असावी. त्यांनी घाई केली नाही. बटण शिवून झाल्यावर उरलेली बटणंही ओढून पाहिली आणि एक आणखी घट्ट केलं. मग दातानं दोरा तोडला. वस्तादांनी उडी मारून भट्टीचं झाकण काढलं आणि ओरडले, "गेला! सगळा घाणा गेला! कोळसा!"

पाव गडद तपकिरी झाले होते, टोकं काळपट. वस्तादांनी फावड्यानं भराभर बाहेर ओढले. "कोंबड्यांच्या पोत्यात टाक," मला म्हणाले, आणि चाखून न बघता, कपाळ पुसत पुढे गेले. पाव गरम होते. गरम पाव पोत्यात टाकला की घामेजतो, कोंबड्यांच्यासुद्धा कामाचा राहत नाही. म्हणून मी ते टोपलीत पसरून दाराशी ठेवले आणि हात धुऊन मीही पुढे गेलो.

काउंटरच्या त्या बाजूला उभं राहायची आम्हाला सवय नव्हती. हातांचं काय करावं कळत नव्हतं. बाईंनी लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर सँडविचांचे तुकडे रचले होते. काकडी आणि चीजचं, उकडलेल्या अंड्याचं मोहरीची चटणी लावलेलं, भाजलेल्या ढोबळ्या मिरचीचं, आणि एक बकरीच्या दुधाच्या चीजचं, वर मध ओतलेला. शेजारचा किल्ल्या बनवणारा टेबलाच्या टोकापासून सुरुवात करून शिस्तीत खात पुढे सरकत होता. बकरीच्या चीजपाशी थांबला.

"याला बकरीचा वास येतोय."

"बकरीचंच आहे," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या.

"मग हरकत नाही. मला वाटलं माझ्याच कोटाला येतोय." त्यानं आणखी दोन उचलले.

सँडविचं सगळ्यांना आवडली. नुसत्या पावाकडे वळल्यावर चेहरे सभ्य झाले. मास्तरांनी एक तुकडा घेतला, चावला, खाली ठेवला.

"गाभा उत्तम. वर्ग हुशार आहे बाई, पण खोलीला भिंतीच नाहीत."

बाईंनी वस्तादांकडे पाहिलं नाही. कागदपिशव्यांची चळत उगाच सरळ करत बसल्या.

वस्ताद कोपऱ्यात बशी घेऊन उभे होते. मिरचीच्या सँडविचातला गाभा आणि मिरची खात होते. मऊ पडलेलं कवचही ते शिताफीनं सोलत होते आणि इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात सारत होते. वहिनींनी ते पाहिलं.

"घरी कडा माझ्या ताटात टाकता, आता खिशात? तेलाचे डाग कोण काढणार?"

"हळू बोल."

"शर्ट मी धुते. मी हळू का बोलू?"

एवढ्यात टेबलावरचा पाव संपला. काउंटरवरच्या ताई मागे गेल्या, दाराशी टोपली दिसली, ती उचलून आणली आणि पाव कापायला सुरीखाली धरला.

तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. सुरी टेकली आणि कवच तडकलं, बारीक ठिकऱ्या टेबलभर उडाल्या. मास्तरांनी तुकडा हातात येईपर्यंत वाट पाहिली नाही, सुरीखालूनच ओढला. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे चावायला लागले.

"हा! हाच तो! कुठे होता हा इतके दिवस?"

बाईंनीही एक तुकडा घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा सगळा चेहरा बदलला होता. "वस्ताद, हा कधी भाजलात?"

वस्ताद संतापले होते. "बाई, तो जळालाय! टाकून द्यायचा होता." मग माझ्याकडे वळले. "गड्या, तुला कोंबड्यांना घाल म्हटलं होतं ना?"

"मला कोंबडी समजा," मास्तर म्हणाले आणि दुसरा तुकडा उचलला.

"जळालेला पाव खातायत आणि वर नाचतायत," वस्ताद म्हणाले. "जिभा गेल्या का सगळ्यांच्या?"

बाईंनी टोक मोडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "एक घास खाऊन सांगा, जळालाय का."

नाही म्हणायची सोय नव्हती. वस्तादांनी पुढच्या दातांनी तुकडा तोडला. तोंडात डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत डावीकडे आणला. त्याला बसायला जागाच नव्हती. सगळे बघत होते. किल्ल्यावाल्यानं चघळणं थांबवलं. शेवटी वस्तादांनी तुकडा तळहातावर घेतला आणि बशीत ठेवला. तोंडात घेतलेला घास ते कधी बाहेर काढत नसत.

"मला चावत नाही," ते म्हणाले. "दाढा गेल्यात. एकही नाही."

"मग सकाळी पहिला पाव..." बाई म्हणाल्या.

"मला चावेल एवढाच भाजतो."

हे बोलल्यावर ते स्वतःच थांबले. आत्ता कुठे त्यांना ते ऐकू आलं असावं. माणूस इतकी वर्षं मान ताठ ठेवून म्हणतो की माझा घास चुकत नाही, आणि घास चुकलेला नसतोच, तोंड बदललेलं असतं. ते शर्टाच्या त्या नव्या शिवलेल्या बटणाशी चाळा करत उभे राहिले. वहिनींना दाढांचं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण आधी राग आला. "सगळ्या? आणि मी भात मऊ करत बसले!"

तेव्हा मास्तरांनी बशी मागवली. सगळ्यांकडे पाठ करून काहीतरी खटपट केली आणि वळले तेव्हा बशीत त्यांची कवळी होती, वरची आणि खालची. मग ती परत तोंडात बसवून, ठणठणीत आवाजात म्हणाले:

"मागच्या वर्षी करवून घेतली. कशासाठी? या पावासाठी! मी दात घेऊन येतो तर तुम्ही तुमचे घालवून बसलात. हा काय न्याय झाला?"

पहिले हसले ते वस्ताद. इतके, की खिशातल्या कडा खाली पडल्या.

बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वस्ताद, दात दुकान करून देईल."

"नको."

"अहो, घ्या की," वहिनी कुजबुजल्या.

"दुकानाचे दात तोंडात ठेवून मी दुकानाला नाही कसं म्हणणार? माझे मी करीन."

बाईंनी विजेवाल्याला होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "तुमचे दात येईपर्यंत थांबते," म्हणाल्या, "पण रोज पाव आजच्यासारखा निघाला पाहिजे. एक दिवस वाकला की मी त्याला फोन करणार."

आता टोक चावायचं कुणी? मी तयार होतो. पण वस्तादांचा माझ्यावर भरवसा नव्हता. "तुला सगळंच चांगलं लागतं," म्हणाले. ते खरं आहे. मग वहिनी यायला लागल्या, पहाटे, शाल गुंडाळून, झोपेनं तोंड सुजलेलं. ओट्याजवळच्या पोत्यावर बसायच्या आणि वस्ताद त्यांना टोक भरवायचे.

"कसं आहे?"

"कडक."

"कडक म्हणजे कसं? बिस्किटासारखं? का काटकीसारखं?"

"तुमच्या स्वभावासारखं."

"मग झाला. काढतो."

चुका झाल्या. एकदा वहिनींना घरी जायची घाई होती म्हणून पाव लवकर बाहेर आला. वस्तादांनी दोन पाव एकमेकांवर वाजवून पाहिले, आवाज ऐकून त्यांचं तोंड उतरलं आणि सगळा घाणा परत आत गेला. परत आत घालणं म्हणजे दुप्पट मेहनत, एकेक पाव फावड्यावर नीट लावून. त्यांनी हूं की चूं केलं नाही. गिऱ्हाइकं दारात ताटकळली, पण पाव वाकला नाही. त्या दिवसांत एकदाही वाकला नाही. मास्तर पाव आडवा धरून शिपायानं बंदूक धरावी तसे फुटपाथवरून जायचे.

विजेवाला पुन्हा आला तेव्हा बाईंनी त्याला अंड्याचं सँडविच दिलं, पुस्तक परत दिलं आणि दारापर्यंत सोडलं. भट्टी राहिली. वहिनींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. "तुमचे दात गेले ते गेले, माझी झोप का घालवता? आता डॉक्टरकडे चला."

वस्ताद एका आरामखुर्चीसाठी पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आले होते. लाकडी, पाय ठेवायला फळी असलेली. फर्निचरच्या दुकानाच्या काचेतून ते ती जाता येता बघायचे. ती घेऊन निवृत्त व्हायचं, असा बेत होता.

"बसून काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "खुर्ची चावणार?"

दातांचा डॉक्टर मेहनती होता, हे मी स्वतः पाहिलं, कारण मलाही बरोबर नेलं होतं. पुढचे चार डुगडुगत होते तेही त्यानं काढले, हिरड्या भरू दिल्या, तोवर वस्ताद पाव वाजवून आवाजावरच काढत होते, मग साचा घ्यायला गुलाबी लगदा कालवला. वस्ताद खुर्चीत आडवे असूनही त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे.

"पीठ जरा सैल झालंय."

"मी तुमच्या भट्टीत येऊन बोलतो का?" डॉक्टर म्हणाला. वस्तादांना हे उत्तर आवडलं. त्यांनी निमूट तोंड उघडलं. साचा एकदा मनासारखा आला नाही, तर डॉक्टरनं तो टाकून परत घेतला. वस्ताद माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. कामाचा माणूस आहे, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग डॉक्टरनं रंगाची पट्टी काढली. एका ओळीत लावलेले दात, पांढऱ्याशुभ्रापासून पिवळसर होत गेलेले. "बहुतेक लोक हे घेतात," पहिल्या दातावर बोट ठेवून तो म्हणाला.

वस्तादांनी पट्टी खिडकीजवळ नेली, उजेडात धरली, एकेक दात निरखला.

"हे कच्चे आहेत," म्हणाले. "जरा भाजलेले दाखवा."

डॉक्टर हसू दाबत पट्टीवर पुढे सरकत गेला. वहिनी म्हणाल्या, "अहो, नवे घेताय तर पांढरे घ्या, लोकांना दिसू दे." पण वस्तादांनी शेवटून दुसऱ्या दातावर बोट ठेवलं ते काढलं नाही. कवळी तयार झाली त्या दिवशी त्यांनी आरामखुर्चीसाठी साठवलेले सगळे पैसे डॉक्टरच्या टेबलावर ठेवले, पावती घडी करून वहिनींच्या पर्समध्ये टाकली आणि दात मिटून, उघडून, परत मिटून पाहिले. भट्टीवरची इतकी वर्षं, आणि त्या पगारानं शेवटी घेतलं ते हे: वरची ओळ आणि खालची ओळ, मंद आचेवर तांबूस भाजलेल्या रंगाची.